झुंजार बिबट्याचे बारमाही टायर

एका जंगलात एक बिबट्या राहायचा. कोणत्या जंगलात ते विचारू नका पोरांनो. हल्ली सगळी जंगलं सारखीच झालीत.

बिबट्याचं नाव झुंजार. देवाने त्याला चार पाय दिले होते, आणि ते चांगले होते. तरी त्याने गाडी घेतली. लाल, दोनच जणांची, इतकी बसकी की वाटेतल्या मुळांना पोट घासायचं. चालू केली की वाघासारखी डरकाळी फोडायची. बिबट्याला स्वतःला डरकाळी येत नाही, तो नुसता खाकरतो. म्हणून घेतली असेल.

त्याची म्हातारी आई वर घाटातल्या कपारीत एकटी राहायची. तिथला झरा यंदा फार आटत चालला होता. तिने घारीकडून निरोप धाडला, की पाणी गुडघाभर राहिलंय, मला खाली घेऊन जा.

झुंजारला आईची माया होती. खोटं कशाला बोला. त्याने त्याच दिवशी सगळ्या जंगलाला सांगितलं, की आई आपल्या गाडीतून येणार. वडाखाली तोरणही बांधलं. मग गाडीभोवती एक चक्कर मारली, तर टायर झिजलेले.

तो साळिंदरशेठच्या दुकानात गेला. साळिंदरशेठ जंगलातले पंक्चरवाले. त्यांच्या दुकानासमोरच्या रस्त्यावर काटे कुणाचे पडतात, हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

साळिंदरशेठने गाडी पाहिली आणि मान हलवली. म्हणाले, हिला स्टेपनी नाही. ठेवायला जागाच केलेली नाही. म्हणून हिला पंक्चर झाल्यावरही पळणारे टायर लागतात. कडा जाड असतात त्यांच्या. हवा गेली तरी हळूहळू पंचवीस कोस नेतात. पुढचं माप वेगळं, मागचं वेगळं. आणि घ्यायचेच तर बारमाही घे.

"बारमाही म्हणजे?" झुंजारने विचारलं.

"ऊन, पाऊस, बर्फ, सगळ्यात चालतात."

"आपल्याकडे बर्फ पडतो?"

"माझ्या आज्यानेही पाहिला नाही. पण पडला तर?"

झुंजार घाबरला. बाहेर मे महिना होता, दगडावर पापड भाजून निघाला असता. पण त्याच्या डोळ्यांसमोर आई गाडीत बसलेली आणि वरून बर्फ पडतोय, असंच येऊ लागलं.

आता एवढी मोठी वस्तू घ्यायची, तर जाणकाराला विचारायला नको? तळ्याकाठी एक कासव राहायचं. टायर म्हटलं की कासवच. कोणता टायर वळणावर घसरतो, कोणता पावसात किती पावलांवर थांबतो, सगळं त्याला तोंडपाठ. गाडीत ते कधी बसलेलं नव्हतं.

कासवाने डोळे मिटून सांगितलं, की जाड कडांचा टायर कडक असतो. खड्ड्यात गेला की बसणाऱ्याची कंबर धरते. झुंजारला आईची कंबर आठवली. मग मऊ टायर घेऊ का, म्हणाला. कासव म्हणालं, घे, पण मऊ टायर पंक्चर झाला तर आईला रानात उतरवशील का?

घार पुन्हा आली. पाणी घोट्यापर्यंत आलंय, म्हणाली.

"तिला सांग, आठ दिवसांत आलोच," झुंजार म्हणाला. "हे सगळं तिच्यासाठीच तर चाललंय."

मग त्याने ज्याला त्याला विचारायला घेतलं. म्हशीने विचारलं, चिखलात कसे आहेत? अस्वलाने विचारलं, झाडावर चढतात का? ससा म्हणाला, काहीही घे, आवाज नको. झुंजारने सगळं लक्षात ठेवलं आणि प्रत्येकाचं कासवाला जाऊन सांगितलं. कासव प्रत्येक वेळी म्हणालं, मुद्दा आहे. आठ दिवसांचे वीस दिवस झाले. जिला आणायचं होतं, तिला मात्र कुणी काही विचारलं नाही.

घार तिसऱ्यांदा आली, तेव्हा झुंजार कासवाकडेच होता. आता ओंजळभर पाणी उरलंय, म्हणाली. आणि या वेळी निरोप देऊन ती उडाली नाही. म्हणाली, "मी रोज वर जाते. वाट साडेतीन कोसांची आहे. आहेत त्या टायरांवर जा आणि घेऊन ये."

"तू गाडी कधी चालवलीस?" कासवाने विचारलं.

"तुम्ही चालवलीत?"

"मी अभ्यास केलाय," कासव म्हणालं.

घार उडून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई चालत आली. तोंडात एक गाठोडं, पायांना धूळ. आधी तळ्यावर गेली आणि पुष्कळ वेळ पाणी प्यायली. मग तोरणाखाली येऊन बसली. तोरणाची पानं कधीच वाळली होती.

झुंजारला आधी आनंद झाला. मग त्याचं तोंड पडलं.

"आई, तू चालत कशाला आलीस? गाडीतून आणतो म्हणून मी सगळ्यांना सांगून बसलोय."

"झरा आटला रे झुंज्या."

"ते ठीक आहे गं. पण लोक काय म्हणतील?" तो जवळ येऊन हळूच म्हणाला, "असं कर. त्या वळणापर्यंत परत जा. तिथे बस. मी गाडी घेऊन आलोच."

आईने त्याच्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं. "लवकर ये," म्हणाली. "ऊन आहे." आणि गाठोडं उचलून निघाली. आई होती ना.

सगळं जंगल वाटेच्या कडेला उभं राहिलं. झुंजारने गाडी चालू केली. डरकाळी झाली. माकडांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात कासव म्हणालं, की घाई करू नकोस, चार दिवसांत नवा माल येतोय, जाड कडांचा आणि मऊसुद्धा. झुंजारने गाडी बंद केली. एवढं एकच विचारून घेतो, म्हणाला, आणि खाली उतरला.

दुपार झाली. ऊन डोक्यावरून कलंडलं. वळणावरून आई दुसऱ्यांदा चालत आली. टायरांबद्दल बोलणं चालूच होतं. ती गाडीचं दार उघडून आत बसली, गाठोडं मांडीवर घेतलं आणि काच खाली केली.

"चल," म्हणाली, "सांग आता सगळ्यांना, आणलं म्हणून."

झुंजारने सांगितलं. जंगलाने टाळ्या वाजवल्या. माकडांनी हार घातला, तोही आधी गाडीला. कासवाचे डोळे भरून आले. गाडी जागची हलली नव्हती, त्यामुळे पंक्चर काही झालं नाही.

तात्पर्य: टायर घेताना घाई करू नये. दहा जणांना विचारावं, बर्फाचाही विचार करावा. आईचं काय, ती येते चालत.