आमचे वडील वारले

भाजे गावचे अंबाजी सन १९३१च्या चैत्रात वारले. त्यांना सोपान हा एकुलता एक मुलगा. डोंगराखालचे भाताचे खाचर आपल्या नावावर लावून घ्यावे म्हणून सोपानने शाळेच्या मास्तरांकडून अर्ज लिहवून घेतला, मळवलीला गाडी धरली आणि कचेरी गाठली. अर्जाचे पहिले वाक्य होते, 'आमचे वडील वारले.'

दिगंबरराव कारकून व्याकरणाला पक्के. 'वारले' हे अनेकवचन, तेव्हा वडील निदान दोन असले पाहिजेत, असे त्यांनी शांतपणे सांगितले आणि दुसऱ्या वडिलांच्या मृत्यूचा दाखला मागितला.

"साहेब, आदरानं लिवलंय," सोपान म्हणाला. "बाप येकच व्हता."

"आदराला रकाना नाही," दिगंबरराव म्हणाले. "संख्येला आहे."

मग त्यांचे बोट 'आमचे'वर थांबले. एकट्याचा असेल तर 'माझा'. 'आमचे' म्हणजे मुलगेही अनेक. उरलेल्या मुलांनी महिन्याच्या आत हजर व्हावे, अशी नोटीस गावच्या चावडीवर लागली.

गाव हसले. नथू हसला नाही. हा अंबाजींचा चुलत पुतण्या. त्यांच्या आजारपणात एकदाही फिरकला नव्हता. धुतलेले धोतर नेसून तो कचेरीत गेला आणि हात जोडून म्हणाला, "काका वडलांच्या जागी होते. आमचेच होते ते."

शब्द अर्जाशी तंतोतंत जुळत होता. नोंद झाली.

सोपान हबकला. आता आदर परवडणार नव्हता. ओसरीवर बसून त्याने स्वतःच्या हाताने नवा अर्ज लिहिला, 'माझा बाप मेला.' एवढ्या तीन शब्दांत टाक चारदा थांबला. मुक्ताबाईंनी, त्याच्या आईने, काय लिहिलेस ते वाचून दाखव म्हटले, तेव्हा त्याने कागदाची घडी करून मुंडाशात खोचली.

दिगंबररावांनी अर्ज दोनदा वाचला. व्याकरण निर्दोष होते. पण जन्मदात्याविषयी असे लिहिणारा खरा मुलगा असेल, हे त्यांच्या मनाला पटेना. त्यांनी शेरा मारला, 'अर्जदाराचे मयताशी नाते संशयास्पद.' निम्मे खाचर नथूच्या नावावर लागले. उरलेले चौकशीवर राहिले.

गावाला वाईट वाटले. तरी चावडीवर म्हातारे म्हणतच, जमिनीपायी का होईना, पण पोराने बापाला असे म्हणायला नको होते.

आपण दिगंबररावांना हसतो. पण उद्या आपल्या दारात एक जण 'माझा बाप मेला' म्हणत आला आणि दुसरा 'आमचे पूज्य वडील निवर्तले' म्हणत आला, तर पाट आपण कोणाला मांडू?