मेलेल्या माशावर विश्वास नाही

आमचे घरमालक शिंदे अण्णा मेलेला मासा विकत घेत नसत. "तो कधी मेला, कशानं मेला, कुणाला विचारायचं?" ते बाजारातून जिवंत मरळ आणत, मागच्या हौदात सोडत आणि ती धड पोहते आहे याची खात्री पटेपर्यंत विळीला हात लावत नसत. अक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, मसाला वाटून वाट बघत बसत.

अण्णांचं मराठी घराणं बंगळुरात कित्येक पिढ्या मुरलेलं. नव्वदच्या दशकात नोकरीपायी पुणं सोडून मी के. आर. पुरममध्ये त्यांच्या तळमजल्यावर राहायला आलो. भाडं द्यायला वर गेलो, की साखळी लावलेल्या दारामागून प्रश्न यायचा, "कोण?"

"मी देशपांडे."

"कशावरून?"

आता यावर माणसानं काय सांगावं? मग फटीतून एक डोळा मला आपादमस्तक बघायचा, कानडीत "सरी", म्हणजे ठीक, असं म्हणायचा आणि पैशांपुरता हात बाहेर यायचा.

पुढे अक्कांना अर्धांगवायू झाला. डावं अंग गेलं. कूस बदलायलासुद्धा दुसरा माणूस लागायचा आणि अण्णांचा दुसऱ्या माणसावर विश्वास नव्हता. नर्स आली, तिला "औषधाच्या बाटलीकडं फार बघते" म्हणून काढली. मालिशवाला आला, तो "हातानं चोळतो, डोळ्यानं कपाट मोजतो" म्हणून गेला. माझ्या बायकोनं पेज नेली, तर ती आधी अण्णांनी चाखली.

त्या दिवसांत आणलेली मरळ मात्र त्यांनी कापलीच नाही. तासन्‌तास हौदाशी उभे राहायचे आणि स्वतःशीच मान डोलवायचे. एकदा मला दंडाला धरून म्हणाले, "मासा शेपटीनं पोहतो म्हणतात. खोटं आहे! स्वल्प थांबा, नीट बघा. लाट डोक्यापासनं निघते. अंगातनं मागं मागं जाते, मोठी होत जाते, पाण्याला मागं लोटते. शेपटी काय, आलेली लाट नुसती मागं सोडते." एवढं बोलून ते कमरेत असे काही हलले, की मी हळूच दंड सोडवून घेतला.

मग दुपारी डोक्यावर आवाज सुरू झाले. धप्, धप्. मागोमाग अक्कांचं कण्हणं.

"म्हातारा मारत तर नाही ना त्यांना?" बायको म्हणाली. माझ्याही मनात पाल चुकचुकली होतीच. ज्याचा जगावर विश्वास नाही, त्याच्यावर आपण तरी का ठेवावा? रविवारी आवाज आला तसा मी तडक वर गेलो. दार बंद होतं, पण गॅलरीतली खिडकी किलकिली होती.

आत अण्णा चटईवर पालथे पडले होते. बनियन, लुंगी, हात अंगाशी चिकटलेले. मान डोलली, खांदे वळले, कंबर हलली आणि शेवटी पाय फरशीवर आपटले. धप्! शेजारी खाटेवर अक्का वाकड्या तोंडानं हसत होत्या, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. आम्ही कण्हणं समजलो ते हे.

"हसतेस काय? हं, आता तू. आधी मान. पायाचा विचारच करू नको. लाट खाली जाऊ दे."

अक्कांनी मान वळवली. मग उजवा खांदा. बराच वेळ काहीच झालं नाही. मग कंबर फिरली आणि तिच्यामागून तो मेलेला पाय फरपटत आला. अक्का कुशीवर वळल्या होत्या, कुणीही हात न लावता.

त्यांनाच मी आधी दिसलो. "अहो," त्या जड जिभेनं म्हणाल्या, "आत घ्या की त्यांना."

अण्णांनी साखळी काढली. कोण, कशावरून, काही विचारलं नाही. अक्कांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं ते म्हणाले, "आता मी आधी गेलो तरी सरी. कूस बदलायला हिला कुणाची वाट बघायला नको."