साळव्यांचा बास

आमचे शेजारी दौलत साळवे गाणं कानानं ऐकत नसत. रेडिओच्या पाठीवर तळहात ठेवून, डोळे मिटून ऐकत. गाणारी बाई काय गाते याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. "वरचं काय, सगळं जग ऐकतं," ते म्हणत. "खालचं ऐका, भाऊ. गाडी खालून चालते."

ही पंच्याहत्तर सालच्या आसपासची गोष्ट. कासारवाडीच्या चाळीत आमच्या खोल्यांमध्ये एकच भिंत, आणि आम्ही दोघं चिंचवडच्या एकाच कंपनीत. साळवे पत्रे दाबायच्या प्रेसवर. तिथल्या पीटर नावाच्या फोरमनचा इंग्रजी गाण्यांचा बँड होता, गायचाही तोच. त्यातला बास गिटार, म्हणजे खालच्या जाड सुरांची गिटार, वाजवणारा सोडून गेला, तेव्हा पीटर साळव्यांना सहज म्हणाला, "तुझा हात प्रेसवर तालात पडतो. शीक की." पीटरनं लगेच दुसरा माणूस शोधला आणि बोललेलं विसरून गेला. साळवे मात्र शिकायला लागले.

त्यांनी चार जाड तारांची एक जुनी गिटार घेतली, विजेवर चालणारी. साळव्यांकडे स्पीकर नव्हता. म्हणून ते तिची कड लाकडी कपाटाला टेकवत, कपाट घुमायचं. रॉकच्या गाण्यात बासनं गाणं मागून ढकलत राहायचं असतं, त्यामुळे साळवे एकच सूर अर्धा अर्धा तास धुडधुडत ठेवत. पाहुणे बिचारे गाणं सुरू व्हायची वाट बघत आणि चहा पिऊन उठत. इंग्रजी येत नसल्यानं गाण्यांना त्यांनी आपलीच नावं ठेवली होती: पंपाचं गाणं, फाटकाचं गाणं, उतारावरचं गाणं.

"अहो, आता बास," शांतावहिनी म्हणत.

"बासच आहे," साळवे म्हणत.

या विनोदाला वहिनी कधीच हसल्या नाहीत.

अशी वर्षं गेली. कंपनीच्या स्नेहसंमेलनाला बँडचा बास वाजवणारा आजारी पडला, म्हणून पीटरला साळव्यांची आठवण झाली. पुढच्या महिन्यात पीटर मस्कतला जायचा होता, बँडही मोडणार होता. साळव्यांना पहिली संधी तीच आणि शेवटचीही तीच. त्यांनी सफारी शिवला. वहिनी बायकांच्या रांगेत येऊन बसल्या.

पंपाचं गाणं सुरू झालं. पहिलं कडवं संपतं न संपतं तोच साळव्यांना दिलेल्या बँडच्या स्पीकरनं मान टाकली. मला कळलं नाही. आजूबाजूच्या कुणालाच कळलं नाही. साळवे घाम गाळत, पीटरकडे तोंड करून शेवटपर्यंत वाजवत राहिले. टाळ्या झाल्या. मॅनेजरसाहेबांनी पीटरला हार घातला.

परतताना आम्ही तिघं रुळाच्या कडेनं चालत होतो. मी म्हणालो, "झकास वाजवलंत." साळवे गिटारचा पट्टा खांद्यावर सारखा करत चालत राहिले.

"मधेच तुमचं बंद पडलं ना?" वहिनींनी विचारलं.

साळवे थांबले. "तुला कसं कळलं?"

"रोज ऐकते की. पायाखालचं काहीतरी निघून गेल्यासारखं झालं." पुढं म्हणाल्या, "मग नुसती बोटं कशाला हलवत होतात?"

"पीटरला गाणं कुठं उचलायचं ते कळत नाही," साळवे म्हणाले. "बासवाल्याच्या बोटांकडे बघून उचलतो. मी थांबलो असतो तर सगळ्यांसमोर चुकला असता. जाता जाता कशाला?"

एवढं बोलून ते रुळाकडे तोंड करून उभे राहिले. वहिनींनी त्यांच्या खांद्यावरची गिटार काढून आपल्या खांद्याला अडकवली आणि पुढं चालू लागल्या.

साळव्यांनी गिटारला पुन्हा हात लावला नाही. ती कपाटावर गेली. वहिनी रविवारी तिला खाली काढून पुसत, आणि तेवढा वेळ साळवे बाहेर ओट्यावर जाऊन बसत.