पाइपात अडकलेली हवा

सोळा वर्षं मी इमर्जन्सी वॉर्डात नर्स म्हणून काढली आहेत. माणूस दारातून आत आला की नुसत्या चालीवरून सांगते, पोटात दुखतंय की बायकोशी वाजलंय! त्यामुळे सेहेचाळिसाव्या वर्षी नर्सलाही औषधं लिहून देता येतात अशी मानसोपचाराची वरची पदवी घ्यायचं ठरवलं तेव्हा मी घरी जाहीरच करून टाकलं, "त्यात काय आहे? लोक बोलणार, मी ऐकणार, आणि मग गोळ्या लिहून द्यायच्या!"

"तू ऐकणार?" नवऱ्याने विचारलं.

हीच शंका आम्हाला शिकवणाऱ्या लिंडक्विस्टबाईंना. सरावात कुणी "मला उदास वाटतं" म्हणालं की माझं सुरू व्हायचं: फिरायला जा, भाज्या खा, कुत्रा पाळा! शेवटी बाई म्हणाल्या, "मार्लिस, प्रश्न विचारायचा आणि तोंड मिटायचं. जमेल?"

परीक्षा जानेवारीत. अमेरिकेच्या उत्तर टोकाला, आमच्या डुलुथमध्ये बाहेर उणे पंचवीस, आणि नेमका आमच्या खोलीतला गरम पाण्याच्या पाइपांचा हीटर बंद! रुग्ण म्हणून नाटकातला एक नट येणार होता. काचेच्या पलीकडून बाई बघणार. माझ्या हातात कागद: "वय अठ्ठावन्न. आपल्याला त्रास आहे हेच कबूल करत नाही. विषय बदलतो. धीर धरा."

दहाच्या ठोक्याला दार उघडलं. आडदांड माणूस, हातात चक्क अवजारांची पेटी. मी मनात म्हटलं, केवढी ही तयारी!

"या, बसा."

"बसायला वेळ नाही बाई. हीटर बघायला आलोय."

बदलला विषय! अगदी कागदाबरहुकूम!

"हीटर," मी मान डोलावली. "म्हणजे ऊब कमी पडतेय असं वाटतं तुम्हाला?"

"वाटतंय कसलं? बर्फ झालाय इथे!"

"कधीपासून?"

"ते तुम्हालाच ठाऊक! पाइपात हवा अडकली असणार."

"अडकलीय. आणि ती मोकळी करायचीय."

"त्यासाठीच तर आलोय!"

इतक्या लवकर कबुली! मी खूश होऊन तोंड मिटलं. एक मिनिट गेलं, दोन गेली. त्याने माझ्याकडे बघितलं, पेटीकडे बघितलं, टेबलावरच्या कागदी रुमालांच्या डब्याकडे बघितलं, आणि धपकन खुर्चीत बसला.

"माझ्याबद्दल कुणी सांगितलं का तुम्हाला?"

मी रुमालांचा डबा त्याच्याकडे सरकवला.

"ऑक्टोबरात डोरीन गेली. एकतीस वर्षांचा संसार. दिवसभर लोकांचे हीटर चालू करत फिरतो आणि घरी गेलो की आमचा लावतच नाही. एकट्यासाठी कशाला?"

काय नट आहे! जिभेवर डझनभर सल्ले वळवळत होते, त्यातला कुत्र्याचा तर अगदी ओठांवर आला होता. मी जीभ चावली.

मग लक्षात आलं, त्या गारठ्यात त्याच्या कपाळावर घाम होता. हातही थरथरत होते. वा! रडणारे नट पुष्कळ पाहिले, घाम काढणारा पहिलाच!

"औषध काही घेता?"

"डॉक्टरांनी डिसेंबरात नैराश्याची गोळी दिलीय. शिवाय मन प्रसन्न राहावं म्हणून बहिणीने झाडपाल्याच्या गोळ्या पाठवल्यात, पिवळ्या फुलांच्या. चार दिवस झाले. पण धडधड थांबत नाही, पोटही बिघडलंय."

मी त्याचं मनगट धरलं. एकशे अठ्ठावीस! घाम एक वेळ काढता येईल हो, पण नाडी?

तेवढ्यात दार उघडलं. केस विस्कटलेला, डोळे लाल झालेला एक किडकिडीत माणूस आत डोकावला. "माफ करा, मी क्लेटन, तुमचा नैराश्याचा रुग्ण. वीस मिनिटं बाहेर उभा आहे. डोळ्यांतलं पाणी आता संपत आलं!"

मी खुर्चीतल्या माणसाकडे वळले. "मग तुम्ही कोण?"

"व्हर्न! हीटरवाला! मगाचपासून दुसरं काय सांगतोय?"

जमीन दुभंगली तर बरं असं झालं. पण मनगट अजून माझ्या हातात होतं, आणि ते धडधडत होतं. त्या दोन गोळ्या एकमेकींना मुळीच चालत नाहीत. वेळेत थांबवलं नाही तर जिवावर बेततं.

"व्हर्न, आता एकही गोळी तोंडात टाकायची नाही. आत्ताच्या आत्ता इमर्जन्सीला जायचं."

"आणि हीटर?"

"मरू दे तो हीटर!"

काचेपलीकडून बाई धावत आल्या. "मार्लिस, हा नट कुठून मिळा—" दारातला क्लेटन दिसला आणि वाक्य तिथेच गोठलं. मग आम्ही दोघींनी मिळून त्याला चाकाच्या खुर्चीत घातलं. पेटी सोडायला तो तयार नव्हता. क्लेटनने ती त्याच्या मांडीवर ठेवून दिली आणि नंतर कुणी अडवलं नाही म्हणून तोही सोबत गेला.

व्हर्न दोन दिवसांत बरा झाला. पुढच्या आठवड्यात येऊन त्याने पाइपातली हवा काढली, आणि जाता जाता हळूच म्हणाला, "तुम्ही मध्ये काही बोलला नाहीत ना बाई, त्याने फार बरं वाटलं."

मी दोन दिवस तरंगत होते. मग निकाल लागला. ऐकून घेणं: उत्कृष्ट. औषधांची चौकशी: उत्कृष्ट. सुरुवातीला रुग्णाचं नाव आणि जन्मतारीख विचारणं: शून्य. परीक्षा पुन्हा.

जे नर्सला पहिल्या दिवशी शिकवतात, ते!

मंगळवारी क्लेटन पुन्हा आला. नाव विचारलं, जन्मतारीख विचारली, ओळखपत्र घेतलं, त्यावरचा फोटो उजेडाकडे धरून दोनदा ताडून पाहिला. खात्री पटली. बिचारा मन मोकळं करायला तोंड उघडणार, तोच वेळ संपल्याची घंटा झाली!