हात मांडीवर, जीभ टाळूला

लातुरात नापास होणं ही काय चीज आहे हे पुण्या-मुंबईच्या माणसाला कळायचं नाही. इथं पोराला दोन मार्क कमी पडले तर शेजारी भेटायला येतात, आणि दारात चपला काढतानाच आवाज बारीक करतात. त्या लातुरात मी केमिस्ट्री शिकवतो. चौकातल्या फ्लेक्सवर हाताची घडी घातलेला माझा फोटो आहे. आणि अशा मला, सात-आठ कुटुंबांच्या देखत, महानंदा अक्का नावाच्या एका निवृत्त बालवाडीबाईनं नापास केलं. विषय कोणता? तर गप्प बसणे.

हसा, खुशाल हसा. मी त्या दिवशी हसलो नव्हतो.

अक्का आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहतात. अंगानं काडी, कपाळावर विभूतीचे पट्टे, अंगावर इरकल लुगडं आणि त्याखाली पुरुषांचे कॅनव्हासचे बूट. खांद्याला झोळी, झोळीत गजराचं घड्याळ. दर रविवारी सकाळी दोन जीपा भरून त्या पोरं आणि त्यांचे आईबाप औशापलीकडं आपल्या जुन्या गावाच्या पांढरीवर नेतात. पांढरी म्हणजे गाव जिथं वसलेलं होतं ती जागा. भूकंपात ते गाव भुईसपाट झालं, वाचलेली माणसं नव्या वसाहतीत राहायला गेली, आणि मागं दगडांच्या ढिगाऱ्यांत लिंब, बोरी, बाभळी, सीताफळी माजल्या. वीसेक वर्षांत त्याचं रान झालं. त्या रानात अक्का शाळा भरवतात. पोरं तीन ते सहा वर्षांची, आणि आईबाप सक्तीचे.

"पोरगं एकलं धाडायचं आसंल तर क्लासला धाडा की," असं त्या म्हणतात, आणि म्हणताना माझ्याकडं बघतात.

आमच्या ओवीचं नाव तिथं घातलं बायकोनं, वैशालीनं. मला विचारलंसुद्धा नाही. ओवी चार वर्षांची. मी तिच्यासाठी घरात तक्ते लावले होते, फळं, पक्षी, महिने, झालंच तर पहिली वीस मूलद्रव्यं. पाठांतर चोख चाललं होतं. फक्त एक व्हायचं. मी घरात आलो की पोरगी गप्प व्हायची. विचारलं तेवढ्याचं उत्तर, नाहीतर नुसती मान. मी म्हणायचो, शांत स्वभाव आहे, माझ्यावर गेलीये. यावर वैशाली पोळी जरा जोरात आपटायची.

पहिल्या रविवारी मी रानात गेलो आणि माझे डोळेच पांढरे झाले. पाच वर्षांचं एक कार्टं हातात विळा घेऊन गवत कापत होतं! दुसरं बोरीच्या झाडावर, पायात काटा, आणि खाली त्याची आई मांडीवर हात ठेवून बसलेली. मी ओरडलो, "अहो अक्का, विळा! विळा!"

"हाव, इळाच हाय," अक्का म्हणाल्या. "तुमाला न्हाई यायचा का धरायला? शिकवंल की त्ये."

पण खरा हादरा पुढंच होता. तिथल्या पोरांना दगड उलटायचा लई नाद. खाली गोम, विंचू, काय वाट्टेल ते निघतं. म्हणून अक्कांनी एक रीत घालून दिली होती. दगडाला हात लावायच्या आधी काठीनं तीनदा ठोकायचं आणि मोठ्यानं विचारायचं, "कोण हाय का घरात?" मग जरा थांबायचं, आणि मगच दगड उचलायचा. आता विंचवासाठी ही रीत उत्तमच आहे, शास्त्रीय आहे. पण तुम्ही त्या पांढरीवर उभे राहा, चहूबाजूंनी पडक्या घरांचे दगड, आणि दहा चिमुरडी पोरं काठ्या ठोकत विचारतायत, "कोण हाय का घरात?" माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. आजूबाजूच्या एकाही पालकाचा चेहरा हलला नाही. म्हटलं, ही माणसं आहेत का कोण!

आता ती परीक्षा. अक्का पोरांना परीक्षा लावत नाहीत, आईबापांना लावतात. एक तास आपल्या लेकराजवळ बसायचं. अट एवढीच की शिकवायचं नाही, सुधारायचं नाही, विचारायचं नाही. अक्का समोरच्या दगडावर घड्याळ घेऊन बसणार. "हात मांडीवर, जीभ टाळूला," असं म्हणाल्या की तास सुरू. तीनदा नापास झालात तर तुमच्या पोराचं नाव कमी. यात दयामाया नाही. एका सरकारी साहेबांचं पोरगं असंच गेलं. साहेबांनी वर ओळख सांगितली, तर अक्का म्हणाल्या, "वळख लई चांगली हाय, पर जीभ टाळूला लागना तुमची."

मी मनात म्हटलं, यात काय अवघड आहे? तासन्‌तास बोलू शकणाऱ्या माणसाला तासभर गप्प बसता येणार नाही? बसलो. ओवी मुंग्यांची रांग बघत होती. चौथ्या मिनिटाला तिनं मुंगीला बोट लावलं, आणि माझ्या तोंडून निघालं, "बाळा, मुंगीच्या चाव्यात फॉर्मिक ॲसिड असतं."

"सर, उठा," अक्का म्हणाल्या.

"अहो, पण ते बरोबर आहे!"

"बरुबर आसंल, पर उठा."

आमच्यातले बिराजदार, कापड दुकानवाले, पहिल्याच फटक्यात पास झाले. कारण ते झोपले होते. घोरत होते चक्क! मी तक्रार केली. अक्का म्हणाल्या, "घोरणं म्हंजे काय शिकवणं न्हवं." बिराजदारांनी त्या आनंदात सगळ्यांना पेढे वाटले. पेढा गिळताना माझा जीव किती जळला हे माझं मला माहीत.

मग लातूरकरांनी काय करावं? जे लातूरकर करतात तेच केलं. आमच्या कॉलनीतल्या एका निवृत्त मास्तरांनी गच्चीवर 'रानशाळा पालक तयारी वर्ग' सुरू केला! खोटं सांगत नाही. गप्प बसायचा क्लास. झेरॉक्स नोट्स: पोरगं पडलं तर काय करावं, पोरगं चुकलं तर कुठं बघावं. शेवटच्या पानावर 'संभाव्य प्रसंग'. दर बुधवारी सराव चाचणी. वीस सुशिक्षित माणसं गच्चीवर मांडीवर हात ठेवून बसलेली, आणि मास्तर मधून फिरत ओरडतायत, "बोलू नका! पेपरात बोलाल!" त्या वर्गात मीही जात होतो. तोंडाला मफलर बांधून, मागच्या रांगेत. माझेच दोन विद्यार्थी खाली चहा पीत उभे असायचे, त्यांनी ओळखलं तर काय घ्या!

मास्तरांची खास शॉर्टकट पद्धत होती. गालात अख्खी सुपारी धरायची, म्हणजे बोलायचं झालं तरी बोलता येत नाही. दुसऱ्या वेळी मी तीच धरून बसलो. पस्तीस मिनिटं काढली. चाळिसाव्या मिनिटाला अक्का उठून आल्या, माझ्यासमोर वाकल्या आणि म्हणाल्या, "सर, तोंड उघडा."

सगळ्यांसमोर! कॉपी पकडल्यासारखं! मी वर्गात कितीतरी पोरांच्या बाह्या उलटून चिठ्ठ्या काढल्यात, पण त्या पोरांना काय वाटत असेल हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. तोंड उघडलं. सुपारी पडली. ओवीनं ती उचलून बघितली आणि परत माझ्याकडं बघितलंच नाही.

घरी येऊन मी चिडलो. म्हटलं, "कटकट गेली. नाव कमी होऊ दे. नाहीतरी या वर्षी तिला फाउंडेशनच्या क्लासला घालायचंच आहे."

वैशाली भांडी घासत होती. वळून म्हणाली, "तुम्हाला माहितीये, ओवी तिकडं किती बोलते?"

"कोण? आपली ओवी?"

"जीपमध्ये बसल्यापासून तोंडाला उसंत नसते. खोटी गाणी रचते. अक्कांना दिवसभर गोष्टी सांगते, पार त्यांना झोप येईस्तोवर. तुम्ही असलात त्या रविवारी तेवढी बोलत नाही." तिनं नळ बंद केला. "तुम्ही तिचा आवाज ऐकलाय तरी का हो? उत्तराचा नाही म्हणत मी. तिचा."

चार वर्षांची माझी मुलगी, आणि तिची बडबड गावानं ऐकलेली, बिराजदारांनी झोपेतसुद्धा ऐकलेली, मी नाही. त्या दिवशी दुपारच्या बॅचला मी फळ्यावर एक समीकरण चुकीचं लिहिलं, आणि पोरांनी ते तसंच उतरवून घेतलं.

तिसरी वेळ आली. पुढच्याच रविवारी. सुपारी नाही, नोट्स नाहीत. वैशाली निघताना एवढंच म्हणाली, "जमेल तसं बसा." बाकीची मंडळी वाकून बघत होती. बिराजदारांनी लांबून अंगठा दाखवला.

"हात मांडीवर, जीभ टाळूला," अक्का म्हणाल्या.

सीताफळाचे दिवस होते. ओवीनं एक पिकलेलं फळ फोडलं, दोन्ही हात कोपरापर्यंत माखून घेतले. दहा मिनिटं झाली. पंधरा झाली. ती फ्रॉकला हात पुसत होती, मी गप्प. मातीतली बी तोंडात घातली, मी गप्प. अर्ध्या तासानं तिनं पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. मी काही बोलतो का याची वाट बघत होती बहुतेक. मी बोललो नाही. मग तिनं बिया एका चपट्या दगडावर मांडल्या आणि बोलायला लागली. एक बी आई, एक बी अक्का, एक बी मुंगीची आत्या. मुंगीच्या आत्याला सर्दी झालेली. मी ऐकत होतो. काय आवाज होता पोरीचा! जरा घोगरा, माझ्या आईसारखा. इतके दिवस हा घरात होता आणि मला पत्ता नव्हता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, लपवत कशाला बसू.

मग तिनं बिया मोजायला घेतल्या. "एक, दोन, तीन..." नीट चाललं होतं. "दहा, अकरा, बारा, चौदा..."

मी जीभ दातांत धरली. खरंच दातांत धरली. आणि तेवढ्यात मागून खणखणीत आवाज आला, "तेरा!"

मी वळून बघितलं. अक्का!

मला काय झालं सांगू? मी उडी मारून उभा राहिलो, टाळ्या वाजवल्या आणि ओरडलो, "अक्का नापास! अक्का, तुम्ही नापास!" बिराजदार हसले, बाकीचे हसले, वैशालीसुद्धा हसली. इतक्या वर्षांत हे कुणी बघितलं नव्हतं.

अक्का हसल्या नाहीत. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. घड्याळ मांडीवरून घसरून मातीत पडलं, ते त्यांनी उचललं नाही.

"जित्याची खोड," त्या म्हणाल्या. "जात न्हाई बगा."

मग कुणी विचारलं नसताना त्या बोलायला लागल्या. आवाज नेहमीचाच, हजेरी घेतात तसा. "माझी संगी तिसरीत व्हती. बालवाडीच्या बाईची पोर, मंग पाढे आलेच पायजेत. त्या सांजेला गणपती बोळवायची मिरवणूक. लेजीम हितनं, ह्याच वाटंनं जायची. ती मनली, माय, जाऊ का? मी मनलं, सतराचा पाढा मन, मंग जा."

मला वाटलं, पोरीला आला नसणार. आम्ही शिकवणारी माणसं, आमचं डोकं तिकडंच जातं.

"आला की वो तिला," अक्का म्हणाल्या, जणू मी मोठ्यानं विचारलं होतं. "सगळा आला. येकबी चुकी न्हाई. मीच मनलं, पुन्यांदा मन, पक्का व्हऊ दे. तिनं पुन्यांदा मनला. मी मनलं, आता उलटा मन. तवर लेजीम दारावरनं फुडं गेली. रुसून आतल्या खोलीत झोपली. जेवलीबी न्हाई." त्यांनी बुटावरची माती झटकली. "पहाटं भूकंप झाला."

माझे टाळी वाजवलेले हात तसेच हवेत राहिले होते. ते कुठं ठेवावेत हे मला कळेना. या बाईला मी मनातल्या मनात काय काय म्हटलं होतं ते सगळं आठवलं, आणि धरणी पोटात घेईल तर बरं असं वाटलं. मग कुठल्या गावात कसला विचार करतोय हे ध्यानात आलं आणि आणखीच शरमलो. बिराजदार टोपी काढून उभे होते.

ओवीला यातलं काही कळलं नव्हतं. ती बोटाखाली बी धरून अक्कांकडं बघत होती. "तेरा?" तिनं विचारलं. "मग पुन्हा पहिल्यापासून मोजू?"

"नगं गं माय!" अक्का अशा काही ओरडल्या की पोरगी दचकली. मग त्या लगबगीनं उठल्या, तिच्यासमोर मातीत फतकल मारून बसल्या, आणि तिच्या चिकट हातावर आपला हात ठेवला. "पुन्यांदा नगं. झालं त्ये झालं. फुडं मोज, तुला येतंय तसं."

मी खाली बसलो. हात मांडीवर ठेवले.

"चौदा," ओवी म्हणाली.

"हाव."

"सोळा. वीस. सतरा."

"हाव माय," अक्का म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या आणि त्या प्रत्येक आकड्याला मान हलवत होत्या. "हाव. हाव."

दगडावरच्या बिया संपल्या तरी ओवी मोजतच राहिली, आणि अक्का हाव म्हणत राहिल्या.