आप्पांचा दुभाषा

मारुतीआप्पांच्या हातात चहाचा कप दिला की आपण जरा मागे सरकून बसायचं. कप हातात आला रे आला की आप्पा तो उलटा करून बुडाशी काय लिहिलंय ते बघत. बहुतेक वेळा चहा प्यायच्या आधीच. "कुठला माल म्हनायचा ह्यो?" हा त्यांचा जगाला एकच प्रश्न. छत्री, कंदील, पोरांची खेळणी, त्यांच्या तावडीतून काही सुटत नसे. एका लग्नात त्यांनी नवरदेवाच्या बुटाचा तळवा वाचला होता, पाय बुटातच असताना.

याला कारण होतं. आप्पा सीमाभागातल्या पिरनवाडीचे. घरची थोडी शेती, पण उमेदीची सगळी वर्षं गेली शेजारच्या मच्छे गावातल्या एका कारखान्यात. तिथं बॉल बेअरिंगं व्हायची. ऐंशी सालानंतर बाजारात परदेशी बेअरिंगं उतरली. तेलकट कागदात गुंडाळलेली, गुळगुळीत, आणि इथल्यापेक्षा स्वस्त. दुकानदार इथला माल परत पाठवू लागले. मालकानं आधी एक पाळी बंद केली, मग गेट.

काही महिन्यांनी अशा कामगारांसाठी सरकारनं प्रशिक्षणाचा वर्ग काढला. वर्ग चाले तोवर थोडा भत्ता, शेवटी प्रत्येकाला एक शिलाई मशीन. मी त्या केंद्रात कारकून होतो, निपाणीहून नुकताच आलेला. जन्मभर लोखंड घासलेल्यांना शिवणकाम कशाला, हे मला कुणी सांगितलं नाही. मंजूर तेवढाच विषय होता.

आप्पांना मात्र कसलीच शंका नव्हती. पहिल्या दिवशी ते कारखान्याचा खाकी गणवेश चढवून, डबा घेऊन हजर. मला म्हणाले, "पाळी किती वाजता सुटती?"

शिकवायला एक कन्नड बाई होत्या. मराठी त्यांना जेमतेम. आप्पांनी लगेच कानावर हात ठेवले. "मला कन्नड न्हाय येत. एक अक्षर न्हाय. उद्या माझा मानूस आनतो."

दुसऱ्या दिवशी ते लक्ष्मण कांबळ्यांना घेऊन आले. लक्ष्मण त्याच कारखान्यातले, आप्पांच्या शेजारच्या मशीनवरचे. उंच, अबोल, दाढी वाढलेली. कारखाना बंद पडल्यापासून हा माणूस घराबाहेरच पडला नव्हता म्हणे. वर्गात नाव घालतो म्हटल्यावर ते माझ्यावरच उखडले. "सरकारचं फुकटचं खायचं न्हाय मला. माझं हात शाबूत हायत. मी फकस्त ह्याला सांगायला आलोय." आणि ते आप्पांच्या शेजारी पाठ ताठ करून बसले.

मग वर्ग सुरू झाला, म्हणजे तमाशाच सुरू झाला.

"बाई काय म्हनल्या रं?"

"काज करताना दोरा वढू नको म्हनत्यात."

"का?"

"ते न्हाय सांगितलं."

"मग इचार की!"

लक्ष्मण विचारत, बाई दाखवत, लक्ष्मण स्वतः करून आप्पांना दाखवत. आप्पा मान डोलवत आणि पुन्हा चुकत. त्यांनी शिवलेलं पहिलं झबलं बाईंनी उजेडात धरलं. त्याला गळाच नव्हता. बाळ आत शिरणार कुठून, असं बाईंनी विचारलं आणि लक्ष्मणांनी ते मराठीत सांगितलं. आप्पा ठामपणे म्हणाले, "आधी बॉडी पक्की करू. होल काय, मागनं पाडता येतंय."

आप्पांना समजावता समजावता लक्ष्मणांची शिवण सरळ जाऊ लागली. एके दिवशी ते दाढी करून आले. मी गुपचूप त्यांचं नाव हजेरीत घातलं.

अशात बंगलोरहून एक साहेब तपासणीला आले. नमस्कार झाला, आणि आप्पांनी साहेबांचा हात धरून मनगट उलटं केलं. घड्याळ वाचलं. "जपान! बरं चालतंय न्हवं?" साहेबांनी हात सोडवून घेतला. मग नेमकं ते बिनगळ्याचं झबलं त्यांच्या दृष्टीस पडलं. जीपपाशी आल्यावर ते मला कन्नडमध्ये म्हणाले, "ही म्हातारी माणसं काय शिकणार? महिनाअखेर वर्ग बंद करून टाका."

"साहेब, जरा थांबा."

मागं आप्पा उभे होते. आणि बोलत होते ते कन्नड. खणखणीत, गोकाकच्या बाजाराचा ठसका असलेलं. मला नापास करा, म्हणाले. मला हे या जन्मात जमायचं नाही. पण आत तो उंच माणूस बसलाय ना, त्यानं शिवलेला सदरा एकदा हातात घ्या. मग जीपमध्ये बसा.

साहेब परत आत गेले. सदरा उलटा केला, शिवण ताणून बघितली, खांद्यापाशी बोट फिरवलं. जाताना मला एवढंच म्हणाले, "चालू राहू दे."

जीप वळल्यावर मी आप्पांना गाठलं. "आप्पा, तुम्हाला कन्नड येतं?"

"हळू बोल की रं! आय माझी गोकाककडची. दुधाबरूबर आलंय."

"मग हे सोंग कशाला?"

"वर्गाला चल म्हनलो असतो तर आला नसता त्यो. मला कळत न्हाय, तू सांगायला चल, म्हनलो. लगीच पायात चप्पल घातली." आप्पांनी आवाज खाली आणला. "मीबी बसून बघितलंय घरात. मानूस नुसता भिताडाकडं बघत ऱ्हातोय. लई वाईट असतंय त्ये."

वर्ग संपला. लक्ष्मणांनी पिरनवाडीत रस्त्याकडेला दुकान टाकलं. आप्पांनी आपलं मशीनही तिथंच नेऊन ठेवलं आणि स्वतः बटणं लावायला बसू लागले. "प्रॉडक्शन त्याचं, असेंब्ली माझी," असं गिऱ्हाइकांना सांगत.

एकदा मी पँट शिवायला टाकायला गेलो. आप्पा चहा सांगायला गेले होते. मला राहवेना. "लक्ष्मणअण्णा, एक सांगू का? आप्पांना..."

"कन्नड येतंय, त्येच न्हवं?" लक्ष्मणांनी मान वर न करता विचारलं. "पयल्याच आठवड्यात कळलंय. बाईंनी गंमत सांगितली, आनि मी मराठीत सांगायच्या आधीच ह्यो हसला."

"मग तरी तुम्ही रोज...?"

त्यांनी दातानं दोरा तोडला. "वैनी गेल्यापास्नं त्याच्या घरात कोन हाय बोलायला? मी सांगायचं सोडलं, तर त्यानं ऐकायचं कुनाचं?"

तेवढ्यात आप्पा आले. पाठोपाठ खणाचं कापड घेऊन एक बाई दुकानात शिरल्या आणि कन्नडमध्ये काही सांगू लागल्या. आप्पा चेहरा कोरा करून वळले.

"लक्ष्मणा, काय म्हनत्यात रं या?"

लक्ष्मणांनी कात्री खाली ठेवली. खुर्ची पूर्ण आप्पांकडं वळवली, आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून ते सांगू लागले.