चौऱ्याऐंशी नाकांची जनसुनावणी

जनमत ही लोकशाहीतली सर्वांत मौल्यवान चीज आहे. म्हणूनच ती माणशी तीन मिनिटांहून जास्त उधळू दिली जात नाही. अलास्कातल्या अग्नालिक नदीच्या उगमाशी तांब्याची खाण काढावी की नाही, यावरची सुनावणीही याच नियमाने झाली. तारीख अत्यंत विचारपूर्वक निवडली होती: जुलैचा पहिला आठवडा, म्हणजे सॅमन मासे समुद्रातून नदीत चढतात आणि गावात कुणालाही मान वर करायला सवड नसते तो. (जानेवारीत लोक मोकळे असतात, पण मोकळी माणसं फार बोलतात.)

तरी चौऱ्याऐंशी जण जाळी तशीच सोडून शाळेच्या हॉलमध्ये हजर. पुढच्या बाकावर मात्रोना आजी. पंच्याहत्तर वर्षं तिच्या घरचा हिवाळा याच नदीच्या माशांवर निघाला होता. खाणीचा गाळ पाण्यात उतरला की मासे परत फिरकायचे नाहीत, या धास्तीनं तिला आठवडाभर अन्न गोड लागलं नव्हतं.

सुनावणी घ्यायला आलेल्या सरकारी साहेबांनी विचारलं, "खाण मान्य आहे का?"

गावानं एकदम नाकं मुरडली. इथल्या युपिक आदिवासी लोकांत 'नाही' म्हणायची हीच रीत. याहून मोठ्यानं नकार देणं म्हणजे उद्धटपणा. साहेबांनी नोंदवलं: आक्षेप शून्य, माशांच्या वासाने उपस्थित त्रस्त.

"मग नदी आहे तशीच राहावी, असं वाटतं का?"

भुवयांच्या चौऱ्याऐंशी जोड्या कपाळात चढल्या. म्हणजे 'हो'. नोंद: ही कल्पना ऐकून लोक चकित.

आजीची भाची फेक्ला शहरात नोकरी करून आलेली. ती कानाशी लागली, "मावशी, अगं तोंडानं बोल! त्यांना कळत नाहीये."

"एवढं ओरडून सांगितलं, आता काय डोक्यावर बसू त्यांच्या? पाहुणे आहेत गं ते!"

"पाहुणे नदी घेऊन चाललेत!"

तेव्हा आजी उठली. थोरांनी आधी नीट विचार करावा, मग तोंड उघडावं, ही तिथली शिस्त. आजीनं शिस्तीत दोन मिनिटं पंचावन्न सेकंद विचार केला. (मावशी उभी असताना फेक्लानं मध्ये बोलणं शक्यच नव्हतं.)

"ही नदी..." आजी म्हणाली, आणि घंटा वाजली.

"वा, फार नेमकं बोललात," साहेब म्हणाले.

अहवालात ग्रामस्थांच्या तक्रारीची गंभीर दखल घेतली गेली. खाणीसोबत गावाला एक भव्य पंखा मंजूर झाला, वास जावा म्हणून. समाधानी ग्रामस्थ: शहाण्णव टक्के, उरलेले चकित. हे ऐकून आजी जाळ्यापाशी बसून ढसाढसा रडली. (अहवालात यासाठी रकाना नाही.)

फेक्लानं लेखी हरकत पाठवली. उत्तर आलं की एकटीची हरकत म्हणजे जनमत नव्हे. अहवाल महिनाभर साऱ्या जगाला वाचायला खुला आहे, आणखी कुणी वाचून काही कळवलं तर अवश्य विचार करू. मात्र वाचून जो गप्प बसेल, त्याची संमती धरली जाईल.

आपण इथवर सगळं वाचलंत, मध्ये एकदोनदा हसलातही. बोलला मात्र काहीच नाहीत. संमती देणाऱ्यांच्या यादीत आपलं नाव पंच्याऐंशीवं घातलं आहे.